ओल

आमच्या इमारतीत पावसाळ्यात भांडणं होतात ती पाण्यावरूनच, पण नळाच्या नाही, भिंतीतल्या. ठाण्यात चरईतली ही जुनी तीन मजली इमारत. माझ्या न्हाणीघराच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची खोली येते. आषाढातल्या एका सकाळी त्याची आई वर आली. "बाई, जरा खाली येऊन बघता का? पोराच्या खोलीत परत ओल आलीय." तिचा नवरा आठवीत माझ्या वर्गात होता, त्यामुळे ते सगळं घर मला बाईच म्हणतं. फक्त मुलगा आजी म्हणतो. प्लंबर आलेलाच होता, त्याला घेऊन मी खाली गेले. सकाळचे अकरा वाजले होते, पण खोलीत पडदे ओढलेले, ट्यूब बंद. कॉम्प्युटरच्या पंख्यातून निघणारा लाल-निळा उजेड तेवढा भिंतीवर फिरत होता. न वाळलेल्या टॉवेलचा आणि भिजलेल्या चुन्याचा वास कोंडून राहिला होता. कोपऱ्यात पुट्टी फुगून तिचे पोपडे सुटले होते आणि त्याचा पांढरा चुरा पलंगाच्या कडेला सांडला होता. प्लंबरने हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकून पाहिली, कान लावला आणि म्हणाला, "मॅडम, पाणी दिसतं एकीकडे आणि येतं दुसरीकडून. वरची नहाणी ट्रॅप उघडावी लागेल." मुलगा कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याच्या कॉम्प्युटरच्या काळ्या पेटीवर पांढऱ्या शाईच्या पेनाने काहीबाही लिहिलेलं होतं. रोमन अक्षरं मला नीट लागली नाहीत, पण दोन आकडे स्पष्ट दिसले. 732 आणि 1683.

तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला भिंतीवर, बाकावर, कुठेही सन लिहिलेला दिसला की बरं वाटतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने हेडफोन एका कानावरून सरकवला. "1683! संभाजी महाराजांची पोर्तुगीजांवरची मोहीम ना रे? फोंड्याचा वेढा, जुवे बेट?" तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला. मग नाकातून हसला आणि म्हणाला, "हो आजी. तेच." त्याच्या आईच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान दिसलं. आपला मुलगा आतल्या आत काहीतरी चांगलं वाचतोय, असं तिला वाटलं असणार. मलाही वाटलं. मी वर आले, प्लंबरला सामानाचे पैसे दिले आणि दुपारी छान झोपले.

तेच नव्हतं.

रात्री 732 हा आकडा खुपायला लागला. 1683 ठीक आहे, पण 732 मध्ये आपल्याकडे काय आहे? बदामीच्या चालुक्यांचा विजयादित्य त्या सुमारास गादीवर होता, पण सतरा वर्षांचा ठाण्यातला मुलगा कॉम्प्युटरवर विजयादित्य कशाला मिरवेल? दीडच्या सुमाराला उठून मी फोनवर ते दोन आकडे एकत्र टाकले. पहिल्यांदा फ्रान्समधली तूरची लढाई आली, मग व्हिएन्नाचा वेढा. दोन्हीकडे ख्रिस्ती फौजांनी मुस्लिम फौजांना मागे हटवलं होतं. आणि त्यांच्या खाली एक छायाचित्र. काळ्या बंदुका, काळी मॅगझिन्स, त्यांवर दाटीवाटीने पांढऱ्या शाईत लिहिलेली नावं आणि सनावळ्या. त्यात हे दोन आकडे होते. अक्षराचं वळणसुद्धा तसंच, जरा तिरपं, घाईचं. ख्राइस्टचर्च, न्यूझीलंड, 15 मार्च 2019, शुक्रवारच्या नमाजाची वेळ, 2 मशिदी, 51 माणसं. बाहेर पाऊस धो धो पडत होता आणि मी फोन पालथा घालून अंधारात बसून राहिले. माझ्या पायाखालच्या मजल्यावर तो मुलगा जागाच असणार, हे मला ठाऊक होतं. त्याच्या खिडकीतला निळा उजेड रात्री समोरच्या इमारतीच्या पत्र्यावर पडतो.

तो शुक्रवार मला आठवतो. आपल्याकडे सकाळ होती. स्टाफरूममध्ये जो तो बांगलादेशच्या क्रिकेट संघाविषयी बोलत होता. संघ त्याच मशिदीकडे निघाला होता आणि थोडक्यात वाचला. मारेकऱ्याने सगळं फेसबुकवर थेट दाखवलं होतं. पहिल्या 24 तासांत त्या चित्रफितीच्या 15 लाख प्रती काढून टाकल्या, असं फेसबुकने नंतर सांगितलं. त्या लाखांपैकी एक आमच्या शाळेतही पोचली होती. पुढच्या आठवड्यात नववीच्या शेवटच्या बाकावर तीन मुलं डोकं खाली घालून बसलेली दिसली. मी फोन हिसकावला. पडद्यावर हातातली बंदूक पुढे धरलेली, एक दालन, एक दार. मला तो खेळ वाटला. मी नियमाप्रमाणे फोन जप्त केला, पालकांना चिठ्ठी पाठवली आणि फळ्याकडे वळले. काय बघत होता, कुणी पाठवलं, बघताना काय वाटलं, यातलं काहीच विचारलं नाही. वार्षिक परीक्षा तोंडावर होती आणि दुसऱ्या महायुद्धाचे परिणाम शिकवून व्हायचे होते. त्या फितीत मशिदीच्या दारात उभा असलेला माणूस बंदूक घेऊन येणाऱ्याला "हॅलो ब्रदर" म्हणतो, हे मी पुढे कितीतरी दिवसांनी वाचलं. त्या मुलांनी ते ऐकलं होतं का?

मारेकऱ्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं होतं की मी त्याचं नाव कधीही उच्चारणार नाही, तुम्ही गेलेल्यांची नावं घ्या. मला ते तेव्हा भावनेच्या भरातलं वाटलं होतं. त्यात किती व्यवहारी शहाणपण होतं, हे आता कळतं. कारण ही माणसं एकमेकांना वाचतात. 22 जुलै 2011 ला नॉर्वेत एकाने आधी ऑस्लोमध्ये बॉम्ब फोडला आणि मग उटोया बेटावर तरुणांच्या शिबिरात शिरून गोळ्या घातल्या. 77 जीव गेले. मागे त्याने दीड हजार पानांचं बाड ठेवलं. ख्राइस्टचर्चवाल्याने त्याचा दाखला दिला. 2019 च्याच ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या एल पासोच्या वॉलमार्टमध्ये 23 जणांना मारणाऱ्याने ख्राइस्टचर्चचा दाखला दिला. 2022 च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एका अठरा वर्षांच्या मुलाने किराणा दुकानात 10 कृष्णवर्णीयांना वेचून मारलं. त्याच्या लिखाणातले उतारेच्या उतारे ख्राइस्टचर्चच्या कागदावरून जसेच्या तसे उचललेले होते. मोडी कागदपत्रांवर काम करताना आम्ही एक गोष्ट नेहमी पाहायचो. एका लेखनिकाने चूक केली की पुढचे दहा लेखनिक ती इमानाने उतरवून घेतात. मूळ पाहायचे कष्ट कुणी घेत नाही. इथे मूळ चूक एकच आहे. "आपण" म्हणजे एक अखंड, शुद्ध समूह, "ते" आपल्याला संपवायला आले आहेत, आपल्या जागी स्वतःची माणसं बसवत आहेत, आणि मी शेवटचा शिपाई आहे. बाकी सगळी सजावट. नॉर्वेच्या त्या माणसाने आपल्या कल्पनेतल्या धर्मयोद्ध्यांच्या पंथासाठी बिल्ला करून घेतला होता. तो वाराणसीच्या एका मुस्लिम विणकराने विणून पाठवला, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. कुणाचा द्वेष करायचा हे ठरलेलं होतं, पण कारागिरी मात्र त्याचीच हवी होती. विणकराला बिचाऱ्याला कसली कल्पना असणार!

आणि या सजावटीचं सामान माझ्या विषयातून जातं, याचा मला त्रास होतो. लढाया, सन, विजय, पराभव. आम्ही हेच फळ्यावर लिहिलं, हेच पाठ करून घेतलं, गाळलेल्या जागांत हेच विचारलं. लढाईच्या दुसऱ्या दिवशी त्या गावात काय झालं, हा प्रश्न कधी पाच गुणांना आला नाही.

ओल आली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्ही सगळे एकच शब्द वापरतो, लीकेज. शाळांमधल्या गोळीबारांचा अभ्यास करणाऱ्या एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या लोकांनीही नेमका हाच शब्द वापरला आहे, हे वाचून मी दचकले. हल्ला करणारा माणूस आधी कुठे ना कुठे झिरपतो. निबंधात, चित्रात, चेष्टेत, मित्राला केलेल्या एखाद्या मेसेजमध्ये, "उद्या शाळेत येऊ नकोस" अशा एखाद्या वाक्यात. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने मिळून 2002 मध्ये शाळांवरच्या 37 हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 81 टक्के घटनांत आधीच कुणाला तरी ठाऊक होतं की हा असं काही करायच्या विचारात आहे. ठाऊक असणारे बहुतेक वेळा बरोबरीचे, मित्र, भावंडं. मोठी माणसं नव्हेत. बफेलोच्या त्या मुलाला शाळेत प्रश्न आला होता की निवृत्त झाल्यावर काय कराल. त्याने उत्तर लिहिलं, खून करून आत्महत्या. शाळेने ते दडवलं नाही, पोलीस आले, त्याला तपासणीसाठी रुग्णालयात नेलं. गंमत केली, असं त्याने सांगितलं आणि तो घरी आला. साधारण वर्षभराने ते किराणा दुकान. म्हणजे कुणी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, विचारलं, उत्तर मिळालं, आणि ते उत्तर पुरेसं वाटलं.

"हो आजी. तेच." मलाही पुरलं होतं.

सगळ्यात जास्त मी थांबले ती दोन आयांपाशी. एल पासोच्या मुलाच्या आईने हल्ल्याच्या काही आठवडे आधी पोलिसांना फोन केला होता. मुलाने बंदूक मागवली आहे, त्याचं वय, त्याची समज पाहता मला काळजी वाटते, इतकंच ती बोलली. उत्तर आलं की तो 21 वर्षांचा आहे, कायद्याने त्याला घेता येते. तिने नाव सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दुसरी ख्राइस्टचर्चवाल्याची आई. ती हल्ल्याच्या अडीच महिने आधी, नव्या वर्षाच्या सुमाराला, ऑस्ट्रेलियाहून त्याला भेटायला गेली होती. त्याचं ओकंबोकं घर, एकटेपण आणि द्वेषाने भरलेलं बोलणं पाहून ती घाबरून परतली. न्यूझीलंडच्या चौकशी आयोगाच्या अहवालात हे आहे. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. आधीच्या जुलैमध्ये बंदूक साफ करताना त्याच्याच घरात गोळी सुटली, डोळ्याला आणि मांडीला इजा झाली, तो रुग्णालयात जाऊन उपचार घेऊन आला, आणि ही गोष्ट पोलिसांपर्यंत पोचलीच नाही. परवान्यासाठी ओळख देणारे दोघे कोण? ऑनलाइन खेळातला एक मित्र आणि त्या मित्राचा पालक. एवढं सगळं मांडूनही आयोग प्रामाणिकपणे सांगतो की हे तुकडे ज्याच्या त्याच्या हातात सुटे होते, आणि त्यांवरून त्याला आधी अडवता आलं असतं असं म्हणता येत नाही. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मला दिलासा हवा होता की दोष हवा होता, माझं मलाच कळेना.

आपल्याकडे बंदुका अशा दुकानात मिळत नाहीत, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. ते खरंच आहे आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. न्यूझीलंडनेही त्या हल्ल्यानंतर महिन्याभरात लष्करी पद्धतीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली. पण बंदूक नसली म्हणून विचार थांबतो असं नाही, हे ठाणेकराला कुणी सांगायला नको. 4 जून 2008. गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये स्फोट झाला, सात जण जखमी झाले. एका नाटकाने आपल्या श्रद्धांचा अपमान होतो, एवढं कारण. चारच दिवस आधी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला होता. त्या संध्याकाळी मी तलावपाळीवरून घरी येत होते. मासुंदा तलावाचं पाणी नेहमीसारखं हिरवट, कोपिनेश्वराकडून घंटेचा आवाज, आणि रंगायतनसमोर पोलिसांची दोरी. ज्या पायऱ्यांवर मी मैत्रिणींबरोबर मध्यंतरातला बटाटेवडा खाल्ला, त्यांच्या आसपास कुणीतरी तो डबा घेऊन शांतपणे फिरला होता. पुढे 2011 मध्ये न्यायालयाने दोघांना दोषी ठरवलं. ती आपल्यातलीच, मराठी बोलणारी माणसं होती. आणि 2014 च्या मे महिन्यात कल्याणहून चार शिकलेली तरुण मुलं यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेली ती आयसिसमध्ये सामील व्हायला. त्यातला एक त्या नोव्हेंबरात परत आला. चारही घरांत जेवणाचं ताट वाढताना आयांनी काय पाहिलं असेल, काय सोडून दिलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. तेव्हा मी फक्त बातमी वाचली होती.

मुंब्र्याला माझी एक जुनी सहकारी राहते. कोकणी मुसलमान, मूळची रत्नागिरीकडची, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी व्याकरण शिकवणारी. दर ईदेला शिरखुर्म्याचा डबा तिच्याकडून येतो आणि दिवाळीत तोच डबा चकल्या भरून परत जातो. तिसऱ्या दिवशी मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, एक विचारू? तुम्ही चार दिवस विचार करताय, सांगू की नको, त्याला कसं वाटेल, त्याच्या आईला कसं वाटेल. माझ्या भाच्याने असा एखादा सन पांढऱ्या शाईने लिहिला असता आणि कुणी पाहिला असता, तर त्याला असे चार दिवस मिळाले असते का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती रागावली नव्हती. पुढे तीच म्हणाली, "म्हणून सांगते, त्याला मिळतायत ते चार दिवस वाया घालवू नका. जा खाली." ज्यांना मारण्याची गाणी तिकडे इंटरनेटवर गायली जातात, त्यांच्यातल्याच एका बाईने मला त्या मुलाकडे पाठवलं. ही गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही.

मी आधी त्याच्या आईला जिन्यात गाठलं. हातात भाजीची पिशवी, छत्रीतून पाणी ठिबकतंय, अशा वेळी कुणी असं बोलू नये, पण घरात तो असतो. मी फोनवरचं छायाचित्र दाखवलं. ती आधी म्हणाली, "गेममधलं असेल हो बाई काहीतरी." मग पायरीवर बसली आणि हळूहळू बोलू लागली. बारावीत मार्क पडले नाहीत, कोटाहून परत आल्यापासून तो मित्रांना भेटत नाही. ताट खोलीत नेतो. रात्री एकटाच हसतो. परवा वॉचमनकाकांनी पार्सल वर आणून दिलं तर थँक्यू नाही म्हणाला, आणि तिने टोकलं तर म्हणाला, "तो एनपीसी आहे." मला शब्द कळला नाही. तिला ठाऊक होता, तिने शोधून पाहिला होता. खेळात जी पात्रं माणूस खेळवत नाही, नुसती यंत्र चालवतं, ज्यांना मन नसतं, मारलं तरी काही बिघडत नाही, ती एनपीसी. आमचा वॉचमन बिहारचा आहे, सतरा वर्षं या इमारतीत आहे, याच मुलाला त्याने दुसरीत असताना सायकल शिकवली. त्या छायाचित्रापेक्षा मला या एका शब्दाची भीती जास्त वाटली. "हे सगळं मला दिसत होतं," ती म्हणाली. "पण वय असतं असं, म्हणून मी…" तिने वाक्य पुरं केलं नाही. मी तिचा हात धरून बसले. दोष द्यायला माझी जीभ उचललीही नसती, मीच त्या आकड्याला शाबासकी देऊन आले होते.

बापाला सांगणं सोपं गेलं नाही. तो आधी चिडला, मग थेट कॉम्प्युटर फोडायला निघाला. "अरे, पेटी फोडून काय होणार?" मी वर्गातल्या आवाजात म्हणाले आणि चाळीस पार केलेला माणूस आठवीतल्यासारखा गप्प झाला. मी त्यांना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून दिला. त्या दोघांनी फोन केला, पुढे एका समुपदेशकाकडे जाऊ लागले, आधी दोघंच. मनाचा आजार हाच या सगळ्याचा खुलासा, असं मी मुळीच म्हणत नाही. एफबीआयने 63 हल्लेखोरांचा अभ्यास केला होता, त्यांतल्या फक्त चौथाई लोकांच्या बाबतीत असा आजार निदान झालेला होता. पण दुखावलेल्या माणसाला कुणीतरी तुझं दुःख हे एका महायुद्धाचा भाग आहे असं सांगत असेल, तर निदान त्याचं दुःख त्याच्या मापाचं करून देणारं माणूस कुणीतरी हवं. चौथाई वगैरे आकडे मी त्यांना सांगितले नाहीत. चहा केला.

मग एका दुपारी मी खाली गेले, एकटी. हातात सोसायटीच्या बिलाचा पाठकोरा कागद आणि पेन्सिल. तो दार उघडून पुन्हा खुर्चीत जाऊन बसला. मी म्हटलं, "1683 बद्दल मी चुकीचं बोलले. तू व्हिएन्ना लिहिलंयस." त्याची पाठ ताठ झाली. मी पुढे काही विचारलं नाही, कागदावर नकाशा काढायला लागले. डॅन्यूब, वेढा, टेकडीवरून उतरणारा पोलंडचा राजा सोबिएस्की. "आता बाजू सांग. तुर्कांबरोबर कोण?" तो म्हणाला, मुस्लिम. मी हंगेरीच्या थोकोलीचं नाव लिहिलं. ख्रिस्ती सरदार, तुर्कांचा दोस्त. फ्रान्सचा चौदावा लुई, सगळ्यात मोठा ख्रिस्ती राजा, मदतीला आलाच नाही. आणि सोबिएस्कीच्या फौजेत लिपका तातार होते, मुसलमान. शत्रूकडच्या तातारांपासून ओळखू यावं म्हणून त्यांनी शिरस्त्राणात गवताच्या काड्या खोवल्या होत्या, असं सांगतात. "आता माझं 1683," मी म्हटलं आणि खाली कोकणपट्टी काढली. संभाजी महाराज फोंड्याला पोर्तुगीजांशी लढतायत. त्यांच्या आश्रयाला कोण आहे? औरंगजेबाचा स्वतःचा मुलगा, शहजादा अकबर. बापाविरुद्ध बंड करून मराठ्यांकडे आलेला. तो वाकून कागद बघत होता. हेडफोन गळ्यात आला होता. "हे कुठे लिहिलंय?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न फार थोड्या मुलांनी विचारला आहे. मी म्हटलं, "दाखवते. वर ये."

त्या दिवशी तो वर आला नाही. पण उठताना मी विचारलं, "हे सन तुला कुणी दिले रे?" आणि त्याने सांगितलं. तिकडे इंटरनेटवर एक जण आहे, कुठल्या देशातला ठाऊक नाही, तो रोज विचारतो की आज जेवलास का, झोपलास का. "ते लोक माझ्याशी बोलतात आजी," तो म्हणाला. "ब्रो म्हणतात." त्याच्या आवाजात धमकी नव्हती, बढाईही नव्हती. मला वेगळंच काही ऐकायची तयारी होती, याची नव्हती. मारेकऱ्यांच्या याद्या पाठ करणारा, माणसांना एनपीसी म्हणणारा मुलगा आणि जेवलास का विचारणाऱ्या अनोळखी माणसासाठी जागा राहणारा मुलगा एकच होता, आणि दोन्ही खरे होते. मी जिना चढताना मध्येच थांबले. त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. अजून वाटते.

ट्रॅप बदलली, वरून ब्रिकबॅट कोबा घातला, माझ्या न्हाणीघरात आठ दिवस सिमेंटचा वास राहिला. खालची भिंत मात्र इतक्यात रंगवू नका, आधी पूर्ण वाळू द्या, असं प्लंबरने बजावलं. श्रावणात एकदा मी सहज म्हणून डोकावले. पडदा अर्धा उघडा होता. काळ्या पेटीवरचं 732 खरवडून काढलेलं दिसलं, 1683 तसंच होतं. मी त्याकडे पाहिलेलं त्याने पाहिलं. "ते फोंड्याचं आहे," तो म्हणाला. या वेळी हसला नाही. ते खरं होतं का, मला कळलं नाही. मी विश्वास ठेवला असंही म्हणणार नाही.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री पावसाने झोडपून काढलं. खाडीकडून वारा येत होता आणि खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात तो उभा, अंगात टी-शर्ट, पायात चप्पल नाही, हातात फोनचा टॉर्च चालूच. "आजी, परत पाणी येतंय. पण आधीच्या कोपऱ्यात नाही, खिडकीच्या वरून. तुम्ही येऊन बघता का?" मी चष्मा शोधायला आत गेले. तो उंबरठ्याच्या आत येऊन थांबला आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटावर टॉर्च फिरवत विचारू लागला, "त्या अकबरचं नंतर काय झालं?"

"इराणला गेला," मी आतूनच म्हणाले. "थांब, आलेच. चालता चालता सांगते."